उसनं कवच

कवचमापकाच्या पडद्यावर ब्याण्णव हा आकडा उमटला आणि डॉ. केतकी प्रधानचा चेहरा पडला.

“ब्याण्णव! पेढे आण आता,” डॉ. उपाध्ये म्हणाले. प्रवास-आरोग्य प्रयोगशाळेचे ते प्रमुख. “ऐंशीच्या वर गेला की झालं. तुझा मिहीर खुशाल विमानात बसू शकतो.”

“सर, यंत्र चुकतंय. पुन्हा लावू या.”

“दोनदा लावलंय. पोरगं सुरक्षित आहे म्हटल्यावर कुणी असा चेहरा करतं का?”

नाशिकमधून डास हद्दपार होऊन एक पिढी लोटली होती. शहराला त्याचा कोण अभिमान! पण इथे वाढलेल्या केतकीच्या रक्तात डेंग्यूशी लढणारी प्रतिपिंडं कधी तयारच झाली नाहीत, आणि म्हणून तिच्या पाच महिन्यांच्या मुलालाही ती मिळाली नाहीत. तिचा नवरा सुधन्वा विषुववृत्तावरच्या एका तरंगत्या नगरात नोकरीला होता आणि बायकोमुलाची वाट बघत होता. तिथे डासांचंच राज्य. एवढ्या तान्ह्या बाळाला लसही देता येत नाही.

यावरचा उपाय केतकीच्याच प्रयोगशाळेने शोधला होता, तो म्हणजे द्वारथेंब. तो एकदा पाजला की बाळाच्या आतड्याचं अस्तर वर्षभर उघडं राहतं आणि दुधातली प्रतिपिंडं थेट रक्तात उतरतात. मात्र ते दूध डेंग्यूचे चारही प्रकार भोगलेल्या बाईचं हवं. अशी बाई घरातच होती, केतकीची थोरली जाऊ रेवती. ती वसईच्या खाडीकाठी वाढलेली. चारही तापांनी तिला लोळवून सोडलं होतं आणि तिची धाकटी अजून अंगावर पीत होती.

अंगावर पाजायचं नाही, बाटलीनेच द्यायचं, असं केतकीने बजावलं होतं, म्हणून रेवतीवहिनी रोज बाटल्या भरून द्यायची. केतकी त्या रोज मोरीत ओतायची आणि त्यांत स्वतःचं दूध भरायची.

तिला सहनच होत नव्हतं. आजारपणांशिवाय काही न कमावलेल्या बाईचं घरभर कौतुक चाललं होतं. सुधन्वा तर फोनवर म्हणाला होता, “वहिनीचे उपकार कसे फेडायचे गं?” नऊ महिने पोटात वाढवणारीचे उपकार त्याला आठवले नव्हते. केतकीचा हिशेब सरळ होता. मापकावर शून्य येईल आणि मिहीर लसीच्या वयाचा होईपर्यंत प्रवास लांबेल. तोवर या डास नसलेल्या शहरात त्याला कसला धोका? आणि तो आपल्या आईच्या दुधावर वाढेल.

“दुसऱ्या कुठल्या वाटेने प्रतिपिंडं येऊ शकतात का, सर?”

“कुठून येणार? चारही प्रकारांची आहेत आणि त्यांचं प्रमाण तंतोतंत तुझ्या जावेच्या रक्तातलं. दुधातूनच आलीत.” उपाध्यांनी चष्मा काढला. “मला काळजी पुढची आहे. दूध थांबलं की ही उसनी प्रतिपिंडं ओसरतात. कवच पूर्ण असेल तर विषाणू बाहेर राहतो. पण ते निम्म्यावर आलं की उलटतं. प्रतिपिंडं विषाणूला चिकटतात, त्याला मारू मात्र शकत नाहीत, वर त्याला धरून पेशीत नेऊन सोडतात. त्यापेक्षा कवच नसलेलं परवडलं. तिथे दूध चालू राहील ना?”

केतकीने मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. बाटल्या तर मोरीत गेल्या होत्या. ती दिवसभर प्रयोगशाळेत असायची आणि मिहीर वहिनीजवळ. म्हणजे वहिनी त्याला छातीशी घेऊन पाजत होती. रोज, आणि पोटभर. आपण ज्या दुधाचा थेंब त्याच्या ओठाला लागू दिला नाही, ते तो त्या बाईच्या कुशीत शिरून पीत होता. केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी जाऊन वहिनीला फाडफाड बोलायचं असं तिने वाटेत दहा वेळा ठरवलं. पण पहिलाच प्रश्न आला असता, की बाटल्यांतून आलं नाही हे तुला कसं कळलं?

वहिनी गॅलरीत मिहीरला मांडीवर घेऊन बसली होती. “किती आले गं?”

“ब्याण्णव.”

“बरं झालं बाई.”

केतकीने हात पुढे केले. मिहीर आला, पण क्षणभरच. मग तो वहिनीच्या पदराकडे वळून तोंडाने चाचपू लागला. वहिनीने नजर चुकवली. केतकीला रडू फुटलं, ते रागाचं की हेव्याचं हे तिचं तिलाही कळलं नाही. प्रवास रद्द करायला आता कारण उरलं नव्हतं. आणि तिकडे गेल्यावर कवच निम्म्यावर आलं तर काय होईल, हे या घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

“वहिनी,” ती कशीबशी म्हणाली, “तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागेल. धाकटीला घेऊन. तो मोठा होईपर्यंत.”

“मी कशाला? बर्फात घालून बाटल्या पाठवीन की दर आठवड्याला.”

“नको. बाटल्यांचा मला भरवसा नाही.”

वहिनीने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

“मलाही नव्हता,” ती म्हणाली.