अजून मागे पडतंय

चूक त्याचीच होती. फोनवाल्याचं दुकान पलीकडे, आणि हा शिरला घड्याळाच्या दुकानात.

"काच बदलून मिळेल?" त्याने फोन पुढे केला.

डोळ्यावरचं भिंग न काढताच तिने वर बघितलं. "इथे घड्याळं दुरुस्त होतात. फोन शेजारी."

तो ओशाळून वळला, तेवढ्यात तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. किल्लीचं जुनं घड्याळ होतं – आणि बंद!

"बंद घड्याळ घालून फिरता?"

"वेळ फोनवर कळते हो. हे बाबांचं. ते गेले, आता हे काढलं की हात... परका वाटतो."

हल्ली दुकानात कुणी आलंच तर सेल टाकायला, नाहीतर पट्टा बदलायला. मामाच्या हाताखाली ती हे काम शिकली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं आणि त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. पण बंद घड्याळाला असा जीव लावणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"ठेवून जा," ती म्हणाली. "शनिवारी या."

घड्याळ दुसऱ्याच दिवशी चालू झालं. पण टेबलावर शहाण्यासारखं चालणारं घड्याळ हातावर चढलं की लहरीपणा करतं, म्हणून दुरुस्त केलेलं घड्याळ काही दिवस स्वतःच्या हातावर वागवायचं, ही मामाची शिस्त. तिने ते बांधलं. घड्याळ बिनचूक चाललं, पंचाईत झाली ती तिची... ते परत केलं, तर हा माणूस पुन्हा कशाला येईल?

"झालं?" शनिवारी त्याने विचारलं.

"अजून मागे पडतंय."

मग शनिवार येत राहिले. तो दारात दिसला की ती मनगटावरच्या घड्याळावर बाही ओढून घ्यायची. तो शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून तिने त्याचं नावच 'भूगोल' ठेवलं.

"काय भूगोल, घड्याळावाचून अडलं वाटतं?"

"अडलंय खरं. पण... घड्याळावाचून नाही."

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि स्टुलावर मुकाट बसून राहायचा. तिला वाटायचं, आज बोलेल... निदान आज तरी! पण जाताना त्याचा प्रश्न ठरलेला – "झालं का हो?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं.

मामा सगळं बघत होता. "अगं, हे घड्याळ सासरी जायच्या वयाचं झालं. अजून किती दिवस माहेरी ठेवणारेस?"

"मामा, गप बस हं!"

एका शनिवारी मात्र तो बसला नाही.

"असेल तसं द्या," तो म्हणाला. "घरच्यांनी एक स्थळ आणलं होतं. परवा मी... हो म्हणालो."

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. अभिनंदन म्हणायला हवं एवढं कळत होतं, पण ती चिमटा उचलायला खाली वाकली.

"हसाल मला," तो खाली बघत म्हणाला. "मनाशी ठरवलं होतं, घड्याळ दुरुस्त झालं की तुम्हाला विचारायचं. बाबांचं घड्याळ हातावर चालू असलं की धीर येईल, असं वाटायचं. तुम्ही दर वेळी नाही म्हणालात. शेवटी वाटलं, तुम्ही ओळखलंय... आणि मला न दुखावता नकार देताय."

आपल्याच हाताने तिने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तिने मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने सवयीने फोनशी ताडून पाहिलं. "हे तर बरोबर चाललंय!"

"हो."

"कधीपासून?"

पहिल्या शनिवारच्याही आधीपासून, हे शब्द तिच्या ओठांवर आले. पण त्याने होकार दिला होता. त्या होकारावर विसंबून कुठेतरी एक मुलगी सुखाने बसली असेल.

"आजच," ती म्हणाली. "सकाळी."

तो हसला, पण ते हसू काही नीट जमलं नाही. "म्हणजे थोडक्यात हुकलं. मागच्या शनिवारी झालं असतं तर..."

वाक्य तसंच सोडून तो घड्याळ बांधत बाहेर पडला. तो दाराबाहेर जाईपर्यंत तिने रडू कसंबसं आवरलं. मग मात्र ते आवरेना, आणि मामाने आतून येऊन, काही न विचारता, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.