रेघेपलीकडचं गवत

मायाप्पा यमगराच्या माळावर पौषात गुडघाभर गवत उभं होतं आणि त्याच्या तीनशे मेंढ्या त्या गवताकडे तोंड करून उपाशी मरत होत्या. मध्ये भिंत नव्हती, तार नव्हती, काट्याची फांदीसुद्धा नव्हती. मध्ये होतं ते फक्त एक बंद पडलेलं कुंपण, आणि ते चालू होतं तेव्हाही कुणाला दिसलं नव्हतं.

हिवाळ्यात मेंढरं घेऊन कोकणात उतरायची सोय संपली, तेव्हा एका कंपनीचे पट्टे आले. पावसाळाभर माळ राखायचा आणि साठलेलं गवत हिवाळाभर पुरवून घालायचं, अशी ती योजना. सगळा माळ एकदम मोकळा दिला तर मेंढी खाते त्याच्या दुप्पट तुडवते. म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा. उपग्रहानं माळावर रेघ आखायची. मेंढी रेघेजवळ गेली की पट्टा शीळ घालायचा, तरी पुढे सरकली तर मानेला झटका. रोज सकाळी रेघ दहा पावलं पुढे जायची आणि ताजी पट्टी चरायला मिळायची. गवत थेट फाल्गुनापर्यंत पुरायचं. मायाप्पाला कामच उरलं नाही. तीन वर्षं तो बाभळीखाली बसून, समोर चरणारी स्वतःचीच मेंढरं मोबाइलवर ठिपक्यांच्या रूपात बघत होता.

मार्गशीर्षात कंपनीनं गाशा गुंडाळला. रेघ होती तिथेच विझली. मायाप्पानं पट्टे कापून पोत्यात भरले. मेंढ्या हलल्या नाहीत. चरून टक्कल पडलेल्या पट्टीत तशाच उभ्या राहिल्या. ओढून पलीकडे नेल्या, तर सोडल्याबरोबर माघारी पळाल्या. त्यानं आणि रतननं विळे घेतले. नवरा-बायकोनं दिवसभर कापलेलं गवत तीनशे तोंडांनी चहा उकळायच्या आत संपवलं. आजवर एकवीस मेल्या होत्या.

कंपनीचं मदत केंद्र मात्र चालू होतं. ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"काका, कुंपण बंद आहे," फोनवरचा अद्वैत म्हणाला. "तुमच्या मेंढ्या मोकळ्या आहेत."

"ते मला ठावं हाय. त्यास्नी सांगता का?"

मायाप्पानं फोन स्पीकरवर टाकून एडक्याच्या कानाला लावला. एडक्याचं नाव सरपंच. कळपाच्या पुढे चालायचं आणि बाकी काही करायचं नाही, म्हणून सरपंच. अद्वैतनं घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे अख्खी सूचना वाचली, "प्रिय ग्राहक, आपली सेवा समाप्त झाली आहे..." सरपंचानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तो खाली बसला.

"आवं, हाक मारा की," रतन म्हणाली. "मामंजी मारायचे तशी."

मायाप्पा रेघेपलीकडे गवतात जाऊन उभा राहिला. बापाच्या हाकेवर घाटातल्या धुक्यात अख्खा कळप वळायचा. "हुर्रर्र... हाऽऽ! ये, ये!" आवाज अजून होता. मेंढ्यांनी माना वर केल्या, लांबून जाणाऱ्या एसटीकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा खाली घातल्या.

"तीन सालं हाक मारली न्हाईसा," रतन म्हणाली. "आता त्यांनी का म्हणून वळकावं?"

मायाप्पानं पुन्हा हाक मारली. तेवढ्यात काळ्या कानांचं एक कोकरू टुणटुणत निघालं. आठ दिवसांचं, पट्टे पोत्यात गेल्यावर जन्मलेलं. रेघ ओलांडून आलं आणि त्यानं मायाप्पाच्या बोटाला नाक लावलं. रतननं तोंडावर पदर धरला. तोच मागून त्याची आई ओरडली. अशी ओरडली, की कोकरू उड्या मारत परत गेलं.

मायाप्पानं तिसऱ्यांदा हाक दिली. कोकरू निघालं, रेघेपर्यंत आलं, थांबलं. आणि कधीच न बसलेल्या झटक्यासाठी त्यानं मान आखडून घेतली.

मायाप्पानं पुन्हा फोन लावला.

"साहेब, एका कोकराला पट्टाच न्हाई. कधी नव्हताच. तेबी थांबतंय."

"म्हणजे आमची यंत्रणा अजून..." अद्वैतच्या आवाजात अभिमान डोकावला आणि तो लगेच ओशाळला. "सॉरी, काका."

"ते ऱ्हाऊ द्या. ह्याचं कुंपण कुठनं बंद करायचं, तेवढं सांगा."

अद्वैतला खरंच मदत करायची होती. त्यानं पुष्कळ विचार केला. मग ज्या प्रश्नापलीकडे जायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, तो प्रश्न त्यानं विचारला.

"कोकराचा पट्टा क्रमांक सांगता का?"