गेट आलं, उतरा

दर शनिवारी मी त्या गेटपाशी काय करत उभी असते, हे विचारलंस ना यतिन? सगळ्यांना वाटतं, मी सायकलवाल्यांना पाणी द्यायला थांबते. पाणी देतेच. पण खरं कारण आजवर फक्त चारुदत्तकाकांना माहीत आहे. तो हीटर जरा इकडे सरकव, सांगते.

गेल्या वर्षीचा जून, इथला ऐन हिवाळा. आपला हा सायकलमार्ग तेव्हा मार्ग नव्हताच. कधीच्या काळी बंद पडलेल्या रेल्वेचा गवताने गिळलेला पट्टा होता. डोंगरातल्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीला बार्ली पोचवायची आणि भरलेली पिंपं खाली आणायची, यासाठी ती लाइन टाकलेली. आता पिंपं ट्रकने जातात, आणि सायकलवाल्यांनाही तोच एक वळणांचा रस्ता होता. त्या रस्त्यावर माझ्या फ्लॅटमेटचा, अनुष्काचा पाय ट्रकखाली गेला. ती वाचली. पण रात्री बाथरूमला जाताना तिच्या कुबड्यांचा आवाज यायचा, आणि मी पलीकडच्या खोलीत दात आवळून पडायचे.

जुनी लाइन सायकलींसाठी उघडा, एवढंच आम्ही मागत होतो. कौन्सिल नुसतं ‘बघू’ म्हणायचं. शेवटी म्हणाले, अनुभवी इंजिनिअरने भराव आणि पूल पाहून लेखी दिलं तर सोमवारच्या मीटिंगला विषय घेऊ. मी थेट ग्लेन वेव्हर्लीला चारुदत्तकाकांच्या दारात. रेल्वेच्या पुलांवर आयुष्य काढलेला माणूस.

“गुडघा धरलाय गं. पुढच्या रविवारी जाऊ.”

“तोवर मीटिंग होऊन जाईल, काका.”

“तुझ्या घाईत माझा गुडघा मोडायचा एक दिवस,” म्हणाले आणि सायकलला हवा भरायला बसले.

सायकली गाडीवर लादून गेलो आणि गावाबाहेरच्या त्या गेटपासून चढायला लागलो. ढगाळ हवा, ओली माती, दोन्ही बाजूंना मेंढ्या. मी पुढे, काका मागे.

“सुरुची, हळू! हा मोर्चा नाहीये!”

“तुम्ही नुसतं हो म्हणा, मग हळू चालवते!”

दर पुलापाशी ते उतरायचे, विटांवर हात फिरवायचे, खाली वाकून बघायचे. “वाफेच्या इंजिनाला उभा चढ चढवत नाही,” ते म्हणाले, “म्हणून लाइन अशी डोंगराला वळसे घालत सावकाश नेतात. आत्ता दमशील. येताना बघ, पॅडलसुद्धा मारावं लागणार नाही.”

वर पोचलो तेव्हा माझ्या पायांत काही उरलं नव्हतं. तिथे एक जुना थांबा आहे, तू पाहिलायस. विटांचा फलाट, छप्पर उडालेली शेड. खालच्या अंगाला डिस्टिलरीची गोदामं, जिथे पिंपं वर्षानुवर्षं मुरत पडलेली असतात. हवेत गोडसर वास होता, ओल्या लाकडाचा आणि जुन्या गुळाचा असतो तसा. आणि झाडं काळी. आग लागून गेल्यासारखे गमट्रीचे, म्हणजे इथल्या निलगिरीचे, बुंधे काळेठिक्कर.

“आग नाही,” काका म्हणाले. “पिंपांतून थोडी थोडी दारू हवेत उडून जाते. त्या वाफेवर ही बुरशी वाढते.”

चहा संपवून मी फलाटाखालच्या मोरीचे फोटो काढायला उतरले. वर आले तेव्हा उजेड उतरला होता. काका दिसले नाहीत. शेडमागे असतील, असं वाटलं.

“काका, चला!” म्हणून मी सायकल हातात धरून चालायला लागले.

मागे खडीवर पावलं वाजली. जड, घासत टाकलेली. मग धाप. दमलेला, म्हातारा श्वास. मला त्या श्वासाची कीव आली, आणि खरं सांगते, रागही आला. घरी जायचं होतं, अहवाल हवा होता. मागे वळूनसुद्धा न बघता मी म्हणाले, “बसा मागे काका, डबलसीट नेते.”

थट्टाच ती. पुण्यात कॉलेजला असताना दमलेल्या कुणालाही असंच म्हणायचो आम्ही. सायकल चालू लागली की तो मागून धावत यायचा आणि टुणकन कॅरियरवर बसायचा.

मी सीटवर बसले, पॅडल मारलं, आणि कॅरियर खाली दबलं.

तो भार माझ्या पाठीला ओळखीचा होता. आधी एक हिसका, मग हँडल किंचित डुलतं, मग तोल सापडतो. मी हसले. “काका, पडाल हं.”



उतार होता. सायकल आपोआप पळायला हवी होती. पण मला उभं राहून पॅडल मारावं लागत होतं. मांड्या भरून आल्या. वाटलं, काकांचं वजन असेल, दिवसभराचा शीण असेल. मागून तो गोडसर वास येत होता, आता अगदी मानेजवळ. श्वास मात्र येत नव्हता. बसल्यापासून धाप थांबली होती.

“काका... तुमची सायकल कुठेय?”

टायरखाली खडी करकरत राहिली.

वळणावरून खाली गेट दिसलं. गेटपाशी टॉर्च हलत होता. टॉर्चमागे चारुदत्तकाका उभे होते, सायकल कुंपणाला टेकवून.

“मी ओरडून सांगितलं होतं ना, पुढे होतो म्हणून!” ते म्हणाले. मग त्यांचा टॉर्च माझ्या मागच्या चाकावर गेला आणि तिथेच थांबला. टायर रिमपर्यंत दबलं होतं.

“काका...”

“मागे बघू नकोस.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “थांब सावकाश. पाय टेक... काय बोललीस तू वर?”

“डबलसीट नेते म्हणाले. मला वाटलं तुम्ही...”

त्यांनी टॉर्च विझवला आणि एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं माझ्या खांद्यामागे बघून म्हणाले, “गेट आलं. उतरा आता.”

काहीच झालं नाही. मग कॅरियर वर उचललं गेलं. हळूहळू, कुणीतरी आधी एक पाय टेकावा आणि मग दुसरा, तसं. सायकल इतकी हलकी झाली की मी पुढे कलंडले.

गाडीत काका “दमलेलं होतं कुणीतरी,” एवढंच म्हणाले. मग घराजवळ आल्यावर, “भराव उत्तम आहे. पूल भक्कम आहेत. उतार लहान पोरांनाही झेपेल. हे मी लिहून देईन.”

“आणि ते?”

“त्याला अहवालात रकाना नाही. ते तू ठरव. देऊ का लिहून?”

घरी खिडकीत दिवा होता. अनुष्का जागी होती.

“द्या,” मी म्हणाले.

सप्टेंबरमध्ये मार्ग उघडला, फक्त दर शनिवारपुरता. पहिल्या दिवशी मी गेटपाशी झेंडा घेऊन उभी होते. वरून माणसं उतरत होती आणि प्रत्येक जण धापा टाकत होता. “लव्हली राइड, मेट! पण शेवटचा चढ काय भयंकर आहे!” चढ. मी त्यांच्या मागच्या चाकांकडे बघत राहिले. रिकाम्या कॅरियरखाली दबलेली टायरं.

तेव्हापासून मी उभी असते. पाण्याची बाटली पुढे करते आणि त्यांच्या खांद्यामागे हळूच म्हणते, “गेट आलं, उतरा.” टायर वर येतं. लोक म्हणतात, पाणी प्यायल्यावर किती हलकं वाटलं. मी सुट्टी घेत नाही. ताप असला तरी येते. दमले आहे रे मी, खूप दमले आहे. पण वाटेवर एकही ट्रक नाही, आणि अनुष्का पुन्हा सायकल शिकतेय.

आता मी हे आजच का सांगतेय, ते ऐक. दुपारी पद्मा आली होती, वॉलाँगाँगहून सुट्टीला इकडे आलेली डॉक्टर. सायकल हातात धरून ढकलत आणत होती. मागे चाइल्ड सीट. तिचा छोटा मुलगा गंधार बाजूने चालत होता.

“बसत नाही गं हा,” ती घाम पुसत म्हणाली. “त्या थांब्यापासून पायी आलाय. आणि तरी सायकल बघ, दगड बांधल्यासारखी!”

“का रे, गंधार?”

“There’s no room,” तो म्हणाला.

सीट रिकामी होती. पण खांद्यावरचे दोन्ही पट्टे ताणलेले होते, आणि बक्कल लागलेलं होतं.

मी वाकून म्हणाले, “गेट आलं. उतरा.” पुन्हा म्हणाले. बकलाला हात घातला, तर ते गरम होतं, आणि दाबूनही सुटेना.

“अगं राहू दे, मी घरी काढते,” पद्मा म्हणाली. सायकल तशीच गाडीमागच्या रॅकवर चढवायला दोन माणसं लागली. गाडी वळली तेव्हा गंधार मागच्या काचेतून हात हलवत होता.

मला नव्हे. काचेच्या अगदी पलीकडे, रॅकवर जे होतं, त्याला.