एक दाता मागे

मिस्त्रीने इंजिन पुन्हा जोडलं तेव्हा हातात एकही नट उरला नव्हता, म्हणजे काम चोख झालं होतं. नव्या रिंगा, घासून बसवलेले व्हॉल्व्ह, धुतलेला कार्बोरेटर. जनरेटरचं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन. अशी त्याने डोळे मिटून जोडली असती. पण हे घरचं होतं. वर्कशॉपच्या वरच्या खोलीत त्याचे वडील श्वासाच्या मशीनवर होते. मशीनच्या बॅटरीने कधीच मान टाकली होती. दुपारी वीज गेली की सगळा भरवसा या इंजिनावर.

त्याने दोरी ओढली. कार्बोरेटरमधून फटकन एक उलटी शिंक आली, बस्स.

ठिणगी पडत होती. पेट्रोल येत होतं. उरलं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ. तेल काढून त्याने बाजूचं झाकण उघडलं. आत दोन दातेरी चाकं, दोन्हींवर एकेक टिपका. ते समोरासमोर यायला हवेत. व्हॉल्व्ह हलवणारं कॅमचं चाक एक दाता मागे होतं.

हे मी असं लावलं? छे! चष्मा पुसून, दोनदा बघून लावलं होतं.

त्याने मान वर केली. समोर स्टुलावर धाकटा भाऊ चहा पीत बसला होता. आल्यापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं, बाबांना हॉस्पिटलात हलवू. इंजिन चाललं नाही तर त्याचंच खरं होणार होतं. आणि तिथून बाबा परत यायचे नाहीत, हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं.

"मी जेवायला गेलो तेव्हा तू इथेच होतास?"

"होतो. का रे दादा?"

"काही नाही."

नुसतंच 'दाल में कुछ काला है' म्हणायची मिस्त्रीला सवय नव्हती. तो सरळ पुरावा बघायचा. त्याने टिपके जुळवले, झाकण लावलं आणि प्रत्येक बोल्टवरून झाकणापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते. घरी खटाटोप करून वर कानावर हात ठेवणारी गिऱ्हाइकं तो अशीच पकडायचा. रंग वाळेपर्यंत तो जागचा हलला नाही.

दोरी ओढली. पुन्हा शिंक.

रेघा अखंड होत्या. त्याने झाकण उघडलं. एक दाता मागे.

भावावर उगाच आळ घेतला म्हणून त्याला लाज वाटली. पण संशय काही उठून जाईना. त्याने पुन्हा टिपके जुळवून झाकण आवळलं, प्लग काढला आणि दाब बघायला त्याच्या भोकावर अंगठा ठेवला. दुसरा हात दोरीकडे नेला, एवढ्यात वीज गेली.

वरच्या मशीनची घरघर थांबली.

अंगठा आत ओढला गेला.

दोरी अजून जागेवर होती. चाक स्थिर होतं. मग अंगठ्याखालून उबदार हवा बाहेर आली, मध्येच अडखळली, आणि पुन्हा लांब सुटली. ही अडखळ मिस्त्री गेलं वर्षभर रोज रात्री बाबांच्या खोलीच्या भिंतीपलीकडून ऐकत आला होता.

घाबरून त्याने अंगठा गच्च दाबला.

"अहो!" वरून बायको ओरडली. "बाबांना धाप लागलीय! ओठ काळे पडलेत!"

त्याने हात झटकन काढला.



"आता बरे आहेत," ती म्हणाली. "मशीन बंद आहे, तरी छान श्वास घेतायत."

भोकातून बारीक सुस्कारा आला, मग आत गेला.

मिस्त्री इंजिनाला पाठ लावून बसला. कुणी हात लावू नये म्हणून. धाकटाही स्टुलावरून उठला होता. त्यानेही सगळं ऐकलं होतं, सगळं पाहिलं होतं. त्याने बाकावरचा प्लग उचलला, शर्टाला पुसला आणि सावकाश जवळ आला.

"दादा, दमलास तू," तो मायेने म्हणाला. "सरक जरा. मी बसवतो."