श्वासाची जागा

माजिवड्याच्या पुलाला खेटून असलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ॲम्ब्युलन्सवाल्यांचं सीपीआरचं प्रशिक्षण होतं. आलेले अकरा जण. देवराम सरांनी भराभर जोड्या लावल्या. एकाने पुतळ्याची छाती तीस वेळा दाबायची, मग दुसऱ्याने तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेल्या पिशवीने दोन श्वास द्यायचे. वर्षाली तेवढी उरली.

"मॅडम, जेवल्यावर मी बसतो तुमच्यासोबत," सर म्हणाले.

एकटं उरायची तिला सवय होती. दोन वर्षांपूर्वी कोपरच्या घरी तिचा नवरा विनीत चहा पिता पिता कोसळला, तेव्हा तिने बावीस मिनिटं त्याची छाती दाबली होती. एकटीने. मधेच जिन्याकडे तोंड करून हाका मारल्या होत्या. कोणी आलं नाही. श्वास द्यायला दुसरं माणूस असतं तर? हे तिने कधी कोणापाशी काढलं नव्हतं.

संध्याकाळी परीक्षा होती. नापास झाली तर ॲम्ब्युलन्सवरून उतरून ऑफिसात बसावं लागणार. सगळे डबे घेऊन खाली गेले तशी तिने सरांकडून कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली घेतली. तिथे एक जादाचा पुतळा होता.

कुलूप काढताना आतून टकटक ऐकू आली. घड्याळ असेल, तिला वाटलं.

खोलीत घड्याळ नव्हतं. सतरंजीवर कमरेपर्यंतचा रबरी पुतळा उताणा पडलेला. त्याच्या छातीच्या मधोमध खळगा पडत होता आणि भरून येत होता. टक्. टक्. टक्.

तिने दिवा लावला, शेजारचा स्क्रीन लावला. दाबाची खोली साडेपाच सेंटिमीटर, वेग मिनिटाला एकशे दहा. अगदी शिकवल्यासारखं. सकाळी सरांनी असाच पुतळा उघडून दाखवलेला. आत नुसती स्प्रिंग असते, मोटर नाही.

तीस झाले. आवाज थांबला.

"कोण आहे?"

बाहेरच्या हॉलमधला एसी घुमत होता, बस्स. मग छाती पुन्हा खाली गेली, जराशी घाईने. परत तीस. परत थांबणं.

ते थांबणं तिला ओळखीचं वाटलं. कोणीतरी वाट बघत होतं.

ती पळाली नाही. पुतळ्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली. मास्क घट्ट धरला आणि पिशवी दाबली. एकदा. दोनदा. रबरी छाती वर आली.

टक्. टक्. टक्.

"मी आहे इथे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही दाबा."

तीस. दोन श्वास.

तीस. दोन श्वास.

तिने मास्क सुटू दिला नाही.

दार वाजलं. छाती वर आली ती तशीच राहिली.

"वा! कोण होतं जोडीला?" स्क्रीनवरचे आकडे बघून देवराम सरांनी विचारलं.

"कोणी नाही, सर."

ते हसले. स्क्रीनवर पुतळ्यात साठलेली नोंद उघडून मागे मागे नेऊ लागले. हसू ओसरलं.

"शुक्रवारी संध्याकाळी मीच कुलूप लावलेलं," ते म्हणाले. "आज सोमवार ना?"

वर्षाली वाकून बघू लागली. नोंद शुक्रवारी सहा बाराला सुरू होत होती. तीस दाब, श्वासाची जागा रिकामी. तीस दाब, रिकामी. शनिवार पूर्ण, रविवार पूर्ण, पानांमागून पानं. भरलेल्या होत्या त्या फक्त आजच्या शेवटच्या बारा ओळी.