यादी चार, क्रमांक नऊ

आमच्या मतदान केंद्राच्या अहवालात एका मताचा फरक नोंदवलेला आहे.

मतदार सातशे बेचाळीस. मतपत्रिका सातशे त्रेचाळीस.

त्याखाली फरकाचं कारण लिहायला जागा असते. तिथे केंद्रप्रमुखाने लिहिलंय, 'सापडलं नाही'.

ते कारण मला माहीत आहे. त्या कागदावर माझीही सही आहे. त्यामुळे कोणी हसलं तरी चालेल, पण हे घडलंय.

तारीख १८ मार्च २०२६, बुधवार. नेदरलँड्समधलं एक छोटं गाव, आइंडहोवनपासून बसने पंचवीस मिनिटांवर. नाव सांगत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि मला पुढेही इथेच राहायचंय.

पण सुरुवात त्याआधी चार वर्षांची आहे.

मी विशाखा. नवऱ्याच्या, म्हणजे रुचिरच्या नोकरीमुळे २०१६ साली इथे आले. तो चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात राहायचो, आणि शेजारी होत्या तोस आजी. वय चौऱ्याऐंशी, एकट्या. माझं नाव त्यांना काही केल्या जमायचं नाही. त्या मला 'शाका' म्हणायच्या.

चाकांचा वॉकर घेऊन चालायच्या. त्याचं डावं चाक वाजायचं.

कीं... टक. कीं... टक.

आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ होती, की आजी कधी उठल्या, कधी चहाला गेल्या, सगळं कळायचं. रुचिर दर रविवारी म्हणायचा, पुढच्या रविवारी चाकात तेल घालतो. ते राहूनच गेलं.

आजींचा आठवडा एका बुधवारभोवती फिरायचा. गावात बूर्टहाउस होतं, म्हणजे वस्तीचं समाजमंदिर म्हणा. तिथे बुधवारी सकाळी दहाला कॉफी असायची. हारी नावाचे एक निवृत्त पोस्टमन ती चालवायचे. मलाही आजींनीच तिथे नेलं. माझं डच तिथल्या म्हाताऱ्यांनीच सुधारलं, खोटं कशाला बोलू. डच लोक कॉफीबरोबर एकच बिस्किट देतात हे जगजाहीर आहे. आजी मला दोन द्यायच्या.

बिस्किटाचा कागद मात्र घडी घालून घालून नखाएवढा करायच्या. हातात कुठलाही कागद आला की हीच सवय.

मार्च २०२२ मध्ये नगरपालिकेची निवडणूक आली. पाच वर्षं इथे राहिलं की परदेशी माणसालाही त्यात मत देता येतं. माझं पहिलंच मत. इथे प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांची एक क्रमांकाची यादी असते. मुद्दाही एकच होता. यादी सहावाल्यांना बूर्टहाउस पाडून तिथे चाळीस घरं बांधायची होती. यादी चारवाल्यांना ते वाचवायचं होतं, आणि हारी त्या यादीत नवव्या क्रमांकावर उभे होते.

आजींच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. इथे मतदानासाठी घरी येणारा पास तुम्ही मागच्या बाजूला सही करून दुसऱ्याला देऊ शकता. तो तुमचं मत टाकतो. नियम एकच, त्याने ते स्वतःच्या मताबरोबरच टाकायचं. दोन्ही एकदम.

आजींनी मला स्वयंपाकघरात बसवलं, थरथरत्या हाताने सही केली आणि पास माझ्यापुढे सरकवला.

"यादी चार, क्रमांक नऊ," त्या म्हणाल्या. "तू म्हणून दाखव, शाका."

मी म्हणून दाखवलं.

आता सांगायचं ते सांगायलाच हवं. आम्ही त्या वर्षी सहा घरांवर बोली लावली होती आणि सहाही हरलो होतो. रुचिर तर घरांची वेबसाइट उघडायलाही घाबरायचा. आणि मतदानाच्या दिवशी, नावापुढचा गोल भरायची लाल पेन्सिल हातात धरून लाकडी कप्प्यात उभी असताना, माझ्यासमोर दोन मतपत्रिका होत्या आणि डोक्यात ती चाळीस घरं.

मी दोन्ही मतं यादी सहाला दिली.

माझंही. आजींचंही.

तेही बूर्टहाउसमध्येच. मतदान केंद्र तिथेच होतं.

परत आले तर आजी दारातच उभ्या होत्या. लाल पेन्सिल नीट दाबून फिरवलीस ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला दोन बिस्किटं दिली, आणि मी ती खाल्ली.

यादी चारची एक जागा अकरा मतांनी गेली. पुढे बूर्टहाउस पाडायचा ठराव नगरपरिषदेत एका मताने पास झाला. मी स्वतःला सांगायचे, अकरा मतं होती, आजींच्या एकाने काय झालं असतं... हिशोब बरोबर होता. तरी झोप लागायची नाही. खाई त्याला खवखवे.

२०२३ मध्ये बूर्टहाउस पाडलं. बुधवारची कॉफी बंद झाली. नव्या घरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आमचं नाव निघालं. आजींनी फुलं आणून दिली. म्हणाल्या, चला, निदान माझ्या ओळखीचं माणूस तिथे राहील.

जानेवारी २०२५ मध्ये आजी गेल्या. घरात एकट्याच.

पाच दिवसांनी कळलं.

बुधवारी गेल्या होत्या आणि सोमवारी त्यांची भाची आली तेव्हा कळलं. भिंतीच्या अलीकडे मी होते. पाचही दिवस घरात होते, नव्या घराच्या फरशा निवडत होते. त्यातल्या एका संध्याकाळी रुचिरला मी म्हटल्याचं मला आठवतंय... "आज किती शांत वाटतंय ना."

अंत्यविधीला हारी भेटले. त्यांनी मला काही दोष दिला नाही, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, बूर्टहाउस असतं तर सव्वादहाला मी तिला फोन केला असता. बुधवार तिने कधी चुकवला नव्हता.

मी त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. रुचिरला कारण सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

नव्या घरात आलो. आमचं घर रांगेतलं शेवटचं. एका बाजूला शेजारी, दुसऱ्या बाजूला नुसती मोकळी हवा. आणि त्या मोकळ्या बाजूच्या भिंतीतून मला पहिल्याच महिन्यात आवाज आला.

कीं...

टक.

रुचिर म्हणाला, पाइप असतील, नवं बांधकाम आहे. मीही मान डोलावली.

या वर्षी निवडणूक आली तेव्हा मी मतदान केंद्रावर काम करायला स्वतःहून नाव दिलं. प्रायश्चित्त म्हणा. मत मात्र हारींनाच द्यायचं, असं मी रुचिरला मोठ्याने सांगितलंही होतं. ते याही वेळी यादी चार, क्रमांक नऊ. त्यांची मागणी होती की आमच्या रांगेसमोरच्या हिरवळीवर नवं बूर्टहाउस बांधावं.

आमच्या खिडकीसमोर. आमच्या गाडीच्या जागेवर.

यादी सहावरून आपल्या इथल्या मराठी मंडळातली चारुता उभी होती. ती म्हणत होती, हिरवळ तशीच राहील. मतदानाच्या सकाळी मी चहा घेऊन त्याच खिडकीत उभी राहिले. ऊन छान पडलं होतं. आणि मनातल्या मनात मी ठरवलं, चारुता आपलीच आहे, तिलाच देऊ.

हे मी कोणाला सांगितलं नाही. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही.

केंद्र आमच्याच वसाहतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत होतं. जिथे पूर्वी कॉफीची खोली होती, बरोबर त्याच जागी. माझी पाळी दुपारी दोनपासून. माझं काम लोकांचे पास घेऊन गठ्ठ्यात ठेवायचं. माझा स्वतःचा पास पर्समध्ये होता. गर्दी ओसरली की मत टाकू, असं ठरवलं होतं.

चारच्या सुमारास एकदम सगळं थंडावलं. केंद्रप्रमुख विम कॉफी आणायला गेला. तिसरी सहकारी, आनेके, दारात उभी राहून फोनवर बोलत होती. खोलीत मी एकटी. बाहेर लख्ख ऊन.

आणि तेव्हा...

कीं... टक.

मी दाराकडे पाहिलं. आनेके पाठमोरी बोलतच होती. तिच्या शेजारून कोणी आत आलं नव्हतं.

कीं... टक. कीं... टक.

आवाज माझ्या टेबलापाशी आला.

थांबला.

मला कॉफीचा वास आला, आणि त्यात गुडघ्याला लावायच्या मलमाचा. तो वास मी कुठेही ओळखेन. माझी मान वर होईना. नजर जमिनीवर होती, तिथे फरशीवर चाकांच्या दोन बारीक ओल्या रेषा उमटत चालल्या होत्या. चार दिवस पाऊस नव्हता.

रेषा टेबलापासून निघाल्या... आणि कोपऱ्यातल्या ठेंगण्या कप्प्यापाशी संपल्या. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी तिथे खुर्ची असते.

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

मग पेन्सिलीचा. हळू... दाबून... खूप वेळ.

पुन्हा एकदा. तसाच.

मग कागदाची घडी. आणखी घडी. आणखी एक.

मी वाकून कप्प्याच्या खालून पाहिलं. पाय नव्हते.

मतपेटीत काहीतरी टप्प झालं. मी किती वेळ तशीच बसले होते कुणास ठाऊक. विम कॉफी घेऊन आला आणि सहज म्हणाला, ती खुर्ची कोणी बाहेर ओढली? मी खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.

रात्री आठला विमने आठवण केली, तू अजून मत दिलं नाहीस. मी पर्स उघडली. ओळखपत्र होतं.

पास नव्हता.

पर्स टेबलावर रिकामी केली तरी नव्हता. विमने सहज पासांचा गठ्ठा चाळला आणि एक बाहेर काढला. "हा काय. तू तर दुसऱ्याला दिलायस. चारच्या आसपासचा असणार."

मागच्या बाजूला माझी सही होती. हुबेहूब माझी. खाली ज्याला मत टाकायचा अधिकार दिला त्याचं नाव, थरथरत्या अक्षरात. टी. फान डेन बर्ग. तोस आजींचं नाव.

विम दुसऱ्या गावचा, त्याला ते नाव माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने फक्त विचारलं, "तूच दिलास ना?"

नाही म्हटलं असतं तर चौकशी झाली असती. ही बाई कोण, तिचा आणि तुझा काय संबंध, सगळं निघालं असतं.

"हो," मी म्हणाले.

आजींच्या मतावरून मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

नऊला दारं बंद झाली. पेटी टेबलावर उलटी केली. चादरीएवढ्या मतपत्रिकांच्या ढिगातून एक छोटी, घट्ट चौकोनी पुडी घरंगळत थेट माझ्यापुढे आली. एवढा मोठा कागद इतका लहान होऊच शकत नाही.

मी ती उलगडली. एकात एक, दोन मतपत्रिका होत्या.

नियमच आहे. दुसऱ्याचं मत स्वतःच्या मताबरोबरच टाकायचं.

बाहेरच्या कागदावर यादी चार, क्रमांक नऊ. गोल इतका दाबून भरलेला, की कागद फाटायचा बाकी होता. ते आजींचं मत. जे मी चार वर्षांपूर्वी टाकलं नव्हतं.

आतला कागद उघडताना मी मनात म्हणत होते, हाही हारींचाच असू दे. तुम्हीही माझं मत चोरा, आजी. आपण फिटलो म्हणू.

पण आतल्या कागदावर लाल गोल होता यादी सहामध्ये. चारुताच्या नावापुढे.

आजींनी माझं मत मला हवं तिथेच टाकलं होतं.

मला रडू आलं. आनेकेने विचारलं, बरं वाटत नाहीये का, आणि मी सांगितलं की दमलेय. आम्ही तीनदा मोजणी केली. तीनही वेळा एक मत जास्त. विमने कारणाच्या जागी लिहिलं, सापडलं नाही, आणि मी खाली सही केली.

या वेळी यादी चारची ती जागा आली. हिरवळीवर बूर्टहाउस बांधायचा प्रस्ताव नगरपालिकेत आला आहे. शेजाऱ्यांनी सहा आठवड्यांत हरकती कळवाव्यात, असं पत्र घरोघर आलंय. रुचिरने आमची हरकत लिहून तयार ठेवली आहे. त्याला वाटतं मी त्याच्या बाजूची नाही, म्हणून तो आग्रह करत नाही. नुसतं म्हणतो, तुझी सही झाली की पाठवतो.

कागद तीन आठवडे टेबलावर पडून आहे. शेवटची तारीख शुक्रवारी आहे.

दर बुधवारी सकाळी दहाला रस्त्यावरून आवाज येतो. कीं... टक. हिरवळीपाशी येऊन थांबतो. मी पडदा सरकवते. तिथे कोणी नसतं.

आज सकाळी आवाज हिरवळीपाशी थांबला नाही. तो दारापर्यंत आला.

मी काय करणार आहे, ते मला अजून माहीत नाही... पण आजींना माहीत आहे. गेल्या वेळीही मी न सांगताच त्यांना माहीत होतं.