पांढरा दिवा

शरयूताई चौगुल्यांनी पोह्यांची बशी सरकवली आणि म्हणाल्या, "मला नको." विलासरावांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं नाही, मनगटाकडे बघितलं. गडहिंग्लजच्या त्या घरात गेले सत्तर दिवस हीच रीत होती.

मनगटावर एक पट्टी होती. घामातून ती अंगातलं स्टेरॉइड मोजायची, आवाजाचा ताण टिपायची आणि माणसाच्या वागण्यात औषधाचा वाटा किती ते दिव्यानं सांगायची. नारिंगी म्हणजे औषध बोलतंय. पांढरा म्हणजे माणूस स्वतः. ताईंच्या डोक्यातल्या गाठीवर तीस दिवस किरणोपचार झाले, मेंदूची सूज आवरायला स्टेरॉइड सुरू झालं, तेव्हा रुग्णालयानंच ती बांधली होती. घरात तिचं नाव पडलं पंच.

पंचानं संसार सावरला, हे मानायला हवं. ताईंचा चेहरा फुगून गोल झाला, टाळूवरचे केस गेले, त्या एका बैठकीत पाच भाकऱ्या खाऊ लागल्या. जावेला तोंडावर 'कपटी' म्हणाल्या. दिवा नारिंगी, सगळं माफ. 'कपटी' खरं तर तीस वर्षं साठवलेलं होतं, पण त्या उजेडात खपून गेलं.

कालपासून दिवा पांढराशुभ्र होता.

"तेजल, बघ! तुझ्या सासूबाई परत आल्या," विलासराव खूश होऊन म्हणाले. "म्हणजे आता हे नखरे त्यांचे स्वतःचे."

"अहो, मला उठवत नाही. पायांत जीवच नाही."

"कालही पांढरा, कालही हेच. औषधावर ढकलायची सोय संपली बरं का!"

नवऱ्याचा टोमणा ताईंनी बिनउत्तराचा सोडला, हे तेजलला खटकलं. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. गार घाम. तेवढ्यात ताईंना कोरडी ओकारी आली आणि मान एका बाजूला कलली.

"अण्णा, आज गोळी दिली?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"दूध कुठं आलंय?"

तेजल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. दुधाच्या खाड्याच्या फुल्या, ओळीनं तीन. गवळी भाचीच्या लग्नाला गेला होता.

"दूध नाही म्हणून तीन दिवस गोळी नाही?"

"पाकिटावर लिहिलंय, 'सकाळी दुधाबरोबर'." विलासराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते, लिहिलेलं मोडायची त्यांना सवय नव्हती. किरणांनंतर ताई विसरायला लागल्या म्हणून गोळ्या नवऱ्याच्या ताब्यात.

तेजलनं फोन लावला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज एकदम चढला. "बाहेरून मिळत राहिलं की शरीर आपलं स्टेरॉइड बनवणं सोडतं. गोळी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळतो, जीव जाऊ शकतो. आत्ता निघा. जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन तयार ठेवायला सांगतो."

"पण पंच तर पांढरा दाखवतोय!" विलासराव ओरडले.

"पांढराच दाखवणार. औषध उरलंय कुठं अंगात? तो रागाचा धनी सांगतो, प्रकृती नाही!"

रिक्षात ताईंचं डोकं विलासरावांच्या खांद्यावर होतं. ते हाक मारत होते. आधी प्रत्येक हाकेला 'हं' येत होतं. मग दोन हाकांना एक. मारुती मंदिराच्या वळणानंतर एकही नाही. मनगटावरचा दिवा मात्र तसाच, पांढरा, स्वच्छ.

इंजेक्शन गेलं, सलाइन लागलं. दीड तासानं ताईंनी डोळे उघडले. "भूक लागलीय," त्या म्हणाल्या.

विलासरावांची नजर सवयीनं मनगटाकडे गेली. ताईंनी हात चादरीखाली ओढून घेतला.

"तुम्ही गाढव आहात," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता दिवा न बघता सांगा, हे कोण म्हणालं?"

विलासरावांनी मान वर केली. सत्तर दिवसांनी ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. फुगलेल्या गालांच्या वर डोळे तेवढे ओळखीचे होते.

"सांगा की. कोण?"